हृदयाचे चुंबकक्षेत्र आणि धातूचे पापुद्रे

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन त्यांच्या जागी विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरू लागले, तेव्हा नगरवासीयांच्या दृष्टीने ती मोठ्या सोयीची गोष्ट होती. परंतु कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढे मात्र तिने एक बिकट प्रश्न उभा केला. कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची मोजणी चालू होती, आणि तेथील दफ्तर इतके दीर्घकालीन व इतके काटेकोर होते, की त्याच्या तोडीचे दफ्तर जगातील थोड्याच वेधशाळांपाशी असेल. ट्रामच्या तारांतून आणि रुळांतून वाहणारा प्रवाह स्वतःभोवती जे क्षेत्र निर्माण करणार, ते या नाजूक उपकरणांना स्वस्थ राहू देणार नाही, आणि मग पृथ्वीचे क्षेत्र कोणते व ट्रामचे कोणते याची निवड करणे कोणालाही शक्य होणार नाही, हे ओळखून मूस यांनी अलिबाग येथे नव्या वेधशाळेची तजवीज केली, तिच्या बांधकामात चुंबकीय गुणाचे द्रव्य शिरणार नाही असा बंदोबस्त ठेवला, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालवून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळवून दिला. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तेव्हा मोजणीचे काम खाडीपलीकडे सुखरूप पोहोचलेले होते.

ज्या क्षेत्रासाठी एवढा खटाटोप करावा लागला, त्या पृथ्वीच्या क्षेत्राची तीव्रता आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाहून थोडी अधिक आहे. मनुष्याच्या हृदयातून निघणारे चुंबकक्षेत्र छातीच्या अगदी निकट मोजले, तर ते ५० ते १०० पिकोटेस्लाच्या आसपास भरते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा सुमारे चार ते आठ लाखांवा भाग. आणि मेंदूतून निघणारे क्षेत्र बहुधा शंभर फेम्टोटेस्लाच्या घरात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा सुमारे चाळीस कोटींवा भाग असते. हे आकडे समोर ठेवले, की शरीराचे चुंबकक्षेत्र मोजण्याचा उद्योग माणसाने हाती घेतलाच कसा, असा प्रश्न मनात उभा राहतो. आणि तो घेतला, एवढेच नव्हे तर ज्या यंत्रांना तो साधला त्यांच्या जागी आता हाताच्या बोटावर मावेल असा, धातूच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा बनलेला संवेदक बसवू पाहणारे शास्त्रज्ञ आज अनेक देशांत निष्ठेने झटत आहेत.

हे क्षेत्र येते कोठून, याचे उत्तर १८२० इतके जुने आहे. त्या वर्षी डेन्मार्कच्या अर्स्टेडने विद्युतप्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवून दिले, आणि जेथे प्रवाह तेथे चुंबकक्षेत्र हा नियम कायमचा प्रस्थापित झाला. हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्यापूर्वी त्याच्या पेशींमधून विद्युतभारित कणांची एक लाट जाते. मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देतात तेव्हाही असेच प्रवाह वाहतात. हॉलंडच्या आइन्टहोव्हेनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या तंतू-गॅल्व्हानोमीटरने हृदयाच्या या लाटेचा विद्युत आलेख काढला, त्याबद्दल त्याला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याचाच वंशज असलेला ईसीजी आज तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा काढला जातो. मेंदूचा विद्युत आलेख जर्मनीच्या हान्स बर्गरने १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. विद्युत आलेख हाती असताना चुंबकीय आलेखाची गरजच काय, ही शंका रास्त आहे, आणि तिचे नीट समाधान झाल्यावाचून पुढील सर्व परिश्रमांचे मर्म कळणार नाही.

त्वचेवर चिकटवलेली पट्टी जे मोजते, ते हृदयाचे वा मेंदूचे मूळ विद्युतविभव नव्हे. स्नायू, चरबी, फुप्फुसातील हवा, हाडे आणि कातडी या सर्वांतून वाट काढीत, प्रत्येकाच्या कमी-अधिक संवाहकतेने वळत व पसरत, जे काही पृष्ठभागावर येऊन पोहोचते ते ही पट्टी टिपते. कवटीचे हाड तर विजेला फारच थोडी वाट देते, त्यामुळे मेंदूत एका जागी उठलेली खळबळ डोक्यावर विस्तीर्ण प्रदेशात पुसट होऊन दिसते. चुंबकक्षेत्राला मात्र मांस काय, हाड काय आणि मोकळी हवा काय, सर्व जवळजवळ सारखेच. ते त्यांतून फारसे न विस्कटता बाहेर येते, आणि म्हणून त्याच्या मांडणीवरून प्रवाहाचा उगम कोठे आहे याचे अनुमान अधिक नेमकेपणाने करता येते. अपस्माराच्या ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग येतो, त्यांच्या मेंदूत झटक्याचे मूळ नेमके कोठे आहे हे शोधण्यासाठी एमईजी, म्हणजे मेंदूचा चुंबकीय आलेख, याच कारणाने उपयोगी पडतो.

दुसरा दाखला मला याहूनही हृद्य वाटतो. गर्भारपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या अंगावर एका स्निग्ध द्रव्याचे लेपन असते. हे लेपन विजेला अडवते, आणि त्यामुळे आईच्या पोटावरून बाळाच्या हृदयाचा विद्युत आलेख घेऊ म्हटले, तर ऐन महत्त्वाच्या काळात तो हाती लागणे अतिशय कठीण होते. बाळाच्या हृदयाचे ठोके अल्ट्रासाउंडने मोजता येतात हे खरे. पण ठोका मोजणे वेगळे आणि त्या ठोक्यामागील विद्युतलाटेचे स्वरूप पाहणे वेगळे, कारण हृदयाच्या तालातील काही घातक दोष त्या स्वरूपातच दिसतात. चुंबकक्षेत्राला या लेपनाचा अडथळा नाही. फिनलंडमधील संशोधकांनी १९७४ मध्ये गर्भस्थ बालकाच्या हृदयाचा चुंबकीय आलेख प्रसिद्ध केला, आणि आईच्या अंगाला एकही पट्टी न चिकटवता पोटातल्या जिवाच्या हृदयाची विद्युतरचना वाचता येते हे सिद्ध झाले.

हृदयाचे क्षेत्र प्रथम मोजले गेले ते १९६३ मध्ये, अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांच्याकडून. त्यांचे साधन म्हणजे फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. वेढ्यांची संख्या वीस लाखांच्या घरात. शहरातील विजेच्या कोलाहलापासून दूर जावे म्हणून त्यांनी मोकळ्या मैदानात माणसाला बसवून ही मोजणी केली, आणि हृदयाचा मुख्य ठोका त्यांच्या आलेखात दिसला. त्यानंतर डेव्हिड कोहेन या भौतिकशास्त्रज्ञाने मैदानात जाण्याऐवजी कोलाहलालाच बाहेर ठेवणारी खोली बांधण्याचा मार्ग धरला. निकेल-लोहाच्या मिश्रधातूच्या आणि ॲल्युमिनियमच्या अनेक थरांनी वेढलेली ती खोली एमआयटी या संस्थेत उभी राहिली, आणि १९६९ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस त्या खोलीत जेम्स झिमरमन याने तयार केलेला स्क्विड नावाचा संवेदक आणून त्याने, कोहेनने आणि एडगर एडलसॅक याने हृदयाचा असा स्वच्छ आलेख घेतला, की तो ईसीजीच्या बरोबरीने ठेवता यावा. पुढे १९७२ मध्ये कोहेनने याच साधनाने मेंदूचाही चुंबकीय आलेख मिळवला.

स्क्विड हे अतिसंवाहक धातूचे एक वलय असते आणि त्यात अत्यंत पातळ विद्युतरोधकाने केलेले सांधे असतात. असा सांधा ओलांडून प्रवाह विनारोध वाहू शकेल हे भाकीत ब्रायन जोसेफसन या तरुण संशोधकाने १९६२ मध्ये केले आणि त्याबद्दल १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. काही फेम्टोटेस्लांइतका सूक्ष्म बदलसुद्धा स्क्विड ओळखतो, आणि संवेदनक्षमतेत आजही त्याला मागे टाकणे सोपे नाही. पण त्याची किंमत भारी आहे. नायोबियमचे हे वलय अतिसंवाहक राहावे म्हणून ते द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. हेलियम आपल्या देशाला परदेशातून आणावा लागतो. आणि तो वारंवार भरावा लागतो किंवा उडालेला वायू पुन्हा द्रवरूप करण्याची खर्चिक यंत्रणा बाळगावी लागते. शिवाय एवढ्या थंडीपासून रुग्णाच्या अंगाचे रक्षण करण्यासाठी मध्ये निर्वात पोकळीची भिंत लागते, आणि त्या भिंतीपायी संवेदक त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर दूरच राहतो.

हे दोन-तीन सेंटीमीटर वाचकांनी विसरू नयेत, कारण माझ्या समजुतीने या सर्व विषयाचा कणा तेथेच आहे. प्रवाहाच्या लहानशा तुकड्यापासून निघणारे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत जाते. तेव्हा मेंदूच्या पृष्ठभागावरील एखादा स्रोत संवेदकापासून ४ सेंटीमीटरवर होता तो २ सेंटीमीटरवर आला, तर क्षेत्र चौपट होते. याचा अर्थ असा, की संवेदनक्षमतेत स्क्विडहून कमी पडणारे साधनसुद्धा, ते जर अंगाला भिडवता आले, तर आपली उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकते; आणि अंगाला भिडवायचे तर ते साध्या खोलीच्या तापमानाला काम करणारे असले पाहिजे. पातळ थरांच्या संवेदकाचा सारा दावा या एका गोष्टीवर उभा आहे.

त्याची पूर्वपीठिका फार जुनी आहे. विल्यम थॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झाला, त्याने १८५६ मध्ये लोखंड आणि निकेल यांचा विद्युतरोध चुंबकक्षेत्रात किंचित बदलतो असे पाहिले. तो बदल शेकडा एक-दोन इतकाच असे. त्यानंतर १९८८ मध्ये फ्रान्समध्ये अल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबेर्ग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, लोह आणि क्रोमियम यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर आलटून पालटून रचले असता हा बदल कित्येक पट मोठा होतो हे दाखवले. या शोधामुळे संगणकाच्या हार्ड डिस्कमधील वाचनशीर्ष १९९७ पासून बदलून गेले आणि २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. परंतु देहाचे क्षेत्र मोजण्यास जी रचना आज सर्वांत आशादायक मानली जाते, ती याच्या पुढची पायरी आहे. तिच्यात चुंबकीय धातूच्या दोन थरांमध्ये धातू नसून विद्युतरोधकाचा एक-दोन नॅनोमीटर जाडीचा पडदा असतो, आणि इलेक्ट्रॉन तो पडदा फोडून नव्हे, तर पुंजयामिकीच्या नियमाने तो पार करून पलीकडे जातात.

इलेक्ट्रॉनाला विद्युतभाराबरोबर परिवलन म्हणजे स्पिन नावाचा एक गुण असतो, आणि लोहचुंबकीय धातूत एका दिशेच्या परिवलनाचे इलेक्ट्रॉन अधिक असतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंचे थर एकाच दिशेने चुंबकित असतील, तर पलीकडे त्यांना जागा मिळते आणि रोध कमी राहतो. थर परस्परविरुद्ध दिशांनी चुंबकित असतील, तर रोध वाढतो. एका थराची दिशा, त्याच्याखाली प्रतिलोहचुंबकीय द्रव्याचा थर घालून, पक्की जखडून टाकतात. दुसरा थर मोकळा ठेवतात आणि स्वस्थ स्थितीत त्याची दिशा पहिल्याशी काटकोन करील अशी योजना करतात. बाहेरून किंचितही क्षेत्र आले, की मोकळ्या थराची दिशा तितकीच किंचित वळते, त्याबरोबर रोध बदलतो, आणि हा बदल साध्या विद्युतमंडलाने वाचता येतो.

फ्रान्सच्या मिशेल ज्युलिएरने १९७५ मध्ये हा परिणाम प्रथम पाहिला, पण तो अतिशीत तापमानालाच. खोलीच्या तापमानाला तो ठळकपणे मिळाला १९९५ मध्ये, एमआयटीत जगदीश मुडेरा यांच्या आणि जपानच्या तोहोकू विद्यापीठात तेरुनोबू मियाझाकी यांच्या प्रयोगशाळेत. मुडेरा हे आपल्याच देशातले, मद्रासच्या आयआयटीत डॉक्टरेट मिळवून पुढे अमेरिकेस गेलेले. त्या वेळी पडदा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा होता. २००४ मध्ये जपानचे शिंजी युआसा आणि अमेरिकेतील आयबीएमचे स्टुअर्ट पार्किन यांनी त्या जागी मॅग्नेशियमच्या ऑक्साइडचा स्फटिकरूप पडदा घातला आणि रोधातील बदल शेकडा दोनशेच्या आसपास गेला. २००८ मध्ये तोहोकूतच तो शेकडा सहाशेच्या वर नोंदला गेला. केल्व्हिनच्या एक-दोन टक्क्यांपासून येथवरचा प्रवास दीडशे वर्षांचा. परंतु त्यातील फार मोठा भाग शेवटच्या वीस वर्षांत घडला आहे.

अशा संवेदकाची घडण निर्वात कोठीत होते. इच्छित धातूच्या चकतीवर आयनांचा मारा करून तिचे अणू उडवायचे आणि ते सिलिकॉनच्या तबकडीवर थराथराने बसू द्यायचे, मग चुंबकक्षेत्रात ठेवून ती तबकडी तापवायची म्हणजे थरांच्या दिशा ठरतात आणि पडद्याचा स्फटिक सुघटित होतो, अशी ही वहिवाट आहे. आणि हार्ड डिस्कच्या व मोटारींच्या संवेदकांच्या कारखान्यांत ती आधीच रुळलेली असल्यामुळे, एका तबकडीवर हजारो संवेदक एकदम तयार होतात.

आता अडचणीकडे वळू. या संवेदकाला स्वतःचा एक गोंगाट आहे. मोकळ्या थरातील चुंबकनाचे लहान लहान प्रदेश उष्णतेने चळत राहतात, पडद्यातील दोषांमध्ये इलेक्ट्रॉन अडकतात आणि सुटतात, आणि या हालचालींतून निघणारा गोंगाट जसजशी कंप्रता कमी होते तसतसा वाढत जातो. सेकंदाला हजारो आवर्तने असलेला संकेत हा संवेदक उत्तम टिपतो. पण हृदयाचे आणि मेंदूचे बहुतेक संकेत सेकंदाला एकाहून कमी ते चाळीस-पन्नास आवर्तनांच्या पट्ट्यातले असतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात याचा गोंगाट अधिक असतो. संशोधकांची गेल्या दोन दशकांतील बरीचशी बुद्धी या एका शत्रूशी झुंजण्यात खर्ची पडली आहे. कोणी शेकडो सांधे मालिकेने आणि समांतर जोडून एकाचा गोंगाट दुसऱ्याच्या गोंगाटात विरघळवतो. कोणी संवेदकाच्या दोन्ही बाजूंस मृदुचुंबकीय धातूच्या पट्ट्या बसवून आसपासचे क्षेत्र गोळा करून मधल्या अरुंद फटीत आणतो, म्हणजे क्षेत्र कित्येक पट वाढते. फ्रान्समध्ये साक्ले येथील मिरियाम पानतिए-लकर आणि क्लोद फेर्मों यांच्या गटाने २००४ मध्ये अतिसंवाहक वलयाला असा पातळ थरांचा संवेदक जोडून फेम्टोटेस्लांपर्यंत मजल मारली. मात्र त्यात थंडीचे बंधन पुन्हा आले. याच परंपरेतील सुईसारखे सूक्ष्म संवेदक पुढे मांजराच्या दृष्टिकेंद्रात घालून मेंदूच्या आत चुंबकीय मोजणी केल्याचे वृत्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

यांखेरीज जो उपाय सर्वच पंथांचे लोक करतात तो सरासरीचा. सुपात धान्य घेऊन पाखडताना दाणा प्रत्येक झोक्याबरोबर त्याच जागी येऊन पडतो आणि भुसा वाटेल त्या दिशेने उडून जातो, तसे हृदयाचे अनेक ठोके एकावर एक ठेवले असता ठोक्याचे रूप तेच राहते आणि गोंगाट एकमेकांना मारून टाकतो. शंभर ठोक्यांच्या सरासरीने गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो. अर्थात यात एक मर्यादा आहे. ज्या रुग्णाच्या हृदयाचा ताल अधूनमधून बिघडतो, त्याचा बिघडलेला ठोका हाच निदानाचा विषय असतो, आणि सरासरीत तोच हरवतो. म्हणून एकेक ठोका सरासरीवाचून दिसणे, ही या क्षेत्रातील खरी कसोटी आहे.

त्या कसोटीला उतरण्याच्या दिशेने तोहोकू विद्यापीठाच्या कोसुके फुजिवारा, मिकिहिको ओओगाने, यासुओ आंदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये महत्त्वाचे पाऊल टाकले. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पडद्याच्या संवेदकाने, खोलीच्या तापमानाला, त्यांनी हृदयाचा मुख्य ठोका टिपला आणि मेंदूच्या विश्रांतीत उठणाऱ्या अल्फा लहरीही सरासरीच्या साहाय्याने नोंदल्या. पुढील काही वर्षांत त्यांच्या संवेदकाची क्षमता सेकंदाला दहा आवर्तनांच्या कंप्रतेवर एका पिकोटेस्लाच्या आत आली. जपानमध्येच टीडीके या कंपनीने तोक्योच्या वैद्यकीय आणि दंतवैद्यक विद्यापीठाबरोबर अनेक संवेदकांची रांग रचून हृदयाच्या क्षेत्राचा नकाशा काढला. स्क्विडच्या काही फेम्टोटेस्लांशी तुलना करता हे आकडे अद्याप बरेच मागे आहेत, हे स्पष्ट सांगणे उचित होय. हृदयासाठी ते पुरण्याच्या जवळ आले आहेत, मेंदूसाठी अजून पुष्कळ चालायचे आहे.

याच क्षेत्रात एक बलवान प्रतिस्पर्धीही आहे. रुबिडियमसारख्या धातूच्या बाष्पावर लेझरचा किरण टाकून क्षेत्र मोजणारे संवेदक इंग्लंडमध्ये नॉटिंगहम येथे डोक्यावर टोपासारखे बसवून, माणूस मान हलवीत असताना त्याच्या मेंदूचा आलेख घेतल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. संवेदनक्षमतेत ते पातळ थरांच्या पुष्कळ पुढे आहेत. परंतु त्यांपैकी सर्वांत संवेदनक्षम जातीला भोवतालचे क्षेत्र जवळजवळ शून्य लागते, आणि पातळ थरांचा संवेदक पृथ्वीच्या पूर्ण क्षेत्रातही काम करू शकतो, शिवाय आकाराने लहान व निर्मितीला स्वस्त असतो. हे दोन गुण मला निर्णायक वाटतात.

देहाच्या चुंबकत्वाचे नाव निघाले, की चुंबकाची कडी, पट्टे आणि गाद्या विकणारे त्याचा आधार घेऊ लागतात, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट केलीच पाहिजे. येथे ज्या क्षेत्राची चर्चा चालू आहे, ते विद्युतप्रवाहाची सावली आहे; ते आजार बरा करीत नाही, आणि बाहेरून चुंबक बांधल्याने ते सुधारतही नाही. अठराव्या शतकात मेस्मरने प्राणिज चुंबकत्वाचा असाच गाजावाजा केला होता, आणि फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये नेमलेल्या, फ्रँकलिन व लावाझिए हे ज्यात होते अशा समितीने चौकशी करून तो निराधार ठरवला.

आपल्या देशात कल्पक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने स्वतःचे स्क्विड संवेदक तयार करून हृदयाचे व मेंदूचे आलेख घेणारी यंत्रणा उभारली आहे, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत एमईजीचा उपयोग रुग्णांसाठी होतो. कल्पक्कमच्या स्क्विडमधील नायोबियमचे सांधेही पातळ थरांचेच असतात, त्यामुळे ते काम ज्यांना साधले आहे, त्यांना नव्या संवेदकाची कारागिरी अगदीच परकी नाही.

आता राहिला तो कोलाहलाचा बंदोबस्त. रुग्णालयात लिफ्ट चालतात, पंखे फिरतात, रस्त्याने बसगाड्या जातात, आणि प्रत्येकाचे लोखंड व प्रत्येकाचा प्रवाह हृदयाच्या क्षेत्राहून हजारो पट मोठी खळबळ उडवतो. कित्येक टन वजनाची संरक्षक खोली टाळायची, तर एक संवेदक छातीजवळ आणि दुसरा त्यापासून काही सेंटीमीटर दूर ठेवून एकाचे मापन दुसऱ्याच्या मापनातून वजा करावे लागते. दूरवरचा कोलाहल दोघांना सारखाच पोहोचतो म्हणून तो उडतो, आणि हृदयाचे क्षेत्र जवळच्याला अधिक पोहोचते म्हणून ते उरते. पण वजाबाकी खरी उतरायला दोन्ही संवेदक एकमेकांशी दहा हजारांत एक इतक्या बारकाईने जुळले पाहिजेत, आणि पडद्याची जाडी एका अणुथराने कमी-अधिक झाली तरी त्याचा रोध कित्येक पट बदलतो. एकाच तबकडीच्या मध्यावरचा आणि कडेचा संवेदक सारखा वागावा, तो तापमानाने भरकटू नये, आणि जो फरक अटळ आहे तो मोजून गणिताने दुरुस्त करता यावा, या तपशिलाच्या कामात सध्या प्रयोगशाळा गुंतल्या आहेत. आणि ज्या दिवशी असे जुळे संवेदक डझनावारी मिळू लागतील, त्या दिवशी गर्भवती स्त्रीला दूरच्या संस्थेतील संरक्षक खोलीपर्यंत नेण्याचे कारण उरणार नाही, तिच्याच गावच्या रुग्णालयातील साध्या खाटेवर बाळाच्या हृदयाचा आलेख घेता येईल.